गोलपोस्टमागची जागा कुणाची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"सर, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, वय 24. तीन वर्षं शाहू स्टेडियमवर फुटबॉलचे फोटो काढतोय. गोलपोस्टच्या डाव्या हाताला, कॉर्नरच्या झेंड्यापासून दहा-बारा पावलांवर एक जागा मी शोधून काढली. तिथनं मारणाऱ्याचा चेहरा, गोलकीपर आणि मागची पब्लिक, तिन्ही एका फ्रेममध्ये बसतात. आमच्या गल्लीतला एक मित्र आहे, त्याला कॅमेरा धरायला मीच शिकवलं. या सीझनपासून तो माझ्या मांडीला मांडी लावून बसतो. त्याच्याकडं सत्तर-दोनशे, टू पॉइंट एट लेन्स. माझ्याकडं जुनी पंचावन्न-अडीचशे. गेल्या महिन्यात एका गोलचा त्याचा फोटो सगळ्या मोबाइलवर फिरला, तालमीनं (आपल्याकडं फुटबॉलच्या टीमा तालमींच्याच) त्याचाच फ्लेक्स लावला. तोच गोल माझ्याकडंही होता, पण कुणी विचारलं नाही. पुढच्या मॅचला कॉर्नर किक पडताना मी मुद्दाम उठून उभा राहिलो. त्याचा फोटो गेला. तेव्हापासून बोलणं बंद आहे. त्यानं माझी जागा चोरली असं मला वाटतं. रंकाळ्यावरही तेच. ट्रायपॉड लावला की दहा मिनिटांत शेजारी दोघं येऊन उभे. सगळ्यांसाठी मोकळ्या असलेल्या ठिकाणी आपली जागा राखायची कशी?"

मित्रा,

वयानं तू माझ्या पोराएवढा आहेस, म्हणून अरेतुरे करतो. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा एकाच ओळीवर अडकलो, 'मी मुद्दाम उठून उभा राहिलो' या ओळीवर. ती तू लपवली नाहीस, म्हणून तुझ्याशी मोकळं बोलता येतं. जागेचा प्रश्न मोठा आहे, त्याच्याकडं येतोच. पण आधी ते उभं राहणं मिटवू, कारण मैदानात आमच्या धंद्यात त्याच्याएवढं वाईट दुसरं काही नाही.

मैदानातली जागा कुणाच्या नावावर नसते. पण तिथं बसलेल्या माणसाची नजर त्याची असते. त्याच्या लेन्सपासून बॉलपर्यंतची रेघ कुणी तोडायची नाही, एवढा एकच कायदा आम्ही सगळे पाळत आलो. पेपरवाला असो, लग्नाचे फोटो काढणारा असो, काल कॅमेरा घेतलेलं पोरगं असो. बॉल डीमध्ये आला की जो जिथं आहे तिथंच गुडघ्यावर थांबतो. पाय अवघडला तरी थांबतो. तू उठलास तेव्हा त्या मित्राचा एक फोटो गेला, आणि तुमच्या मागं बसलेल्या लोकांची कॉर्नर किकही गेली. ते पैसे मोजून आले होते.

खासबागेत ही गोष्ट अगदी डोळ्यांनी दिसते. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, 1912 सालापासूनचं हे कुस्तीचं मैदान बशीसारखं आहे. मधे तांबड्या मातीचा हौदा, भोवतीनं चढत गेलेली बैठक. कुठंही बसा, कुस्ती दिसते. हजारो माणसांसाठी केलेली ती सोय एक फोटोग्राफर हौद्याच्या काठावर ताठ उभा राहिला की मोडते. माझ्या पहिल्या फडात मी तसाच उभा होतो. मागनं एका म्हाताऱ्या वस्तादांनी खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबलं. 'बस की पोरा, कुस्ती बघायला आलोय, तुझी पाठ नव्हं.' रागावले नव्हते. शेजारी सरकून मला बसायला जागाही दिली. त्या दिवसापासून मी काठावर कधी उभा राहिलो नाही. मांडी घालतो, नाहीतर उकिडवा बसतो.

तेव्हा त्या मित्राकडं जा आणि 'त्या दिवशी मी मुद्दाम उठलो, चुकलं माझं' एवढं वाक्य बोल. लेन्स, फ्लेक्स, गुरुदक्षिणा, यातलं काही त्या वाक्याला जोडू नकोस. ते नंतर, वेगळं.

आता जागेचं. त्यानं जागा चोरली का? माझ्या मते नाही. पण तुझं दुखणं खोटं आहे असंही मी म्हणणार नाही. कुठल्या टीमचा कुठला विंगर कुठल्या पायानं मारतो, ऊन कुठनं येतं, कुठल्या स्टँडातली पब्लिक गोल झाल्यावर आधी उसळते, हे तीन वर्षं उन्हात बसून तू शिकलास. तो आला आणि शेजारी बसला. त्यानं 'हे मला यानं दाखवलं' असं एकदा चार माणसांत म्हणायला हवं होतं. नाही म्हणाला, ही त्याची चूक आहे आणि ती तू त्याला सांगू शकतोस. फक्त ती चूक चोरी नव्हे. आपल्याकडं वस्ताद पोराला डाव शिकवतो तेव्हा तो डाव पोराचाही होतो. वस्तादाला अपेक्षा असते ती पोरानं फडात उतरण्याआधी पायाला हात लावण्याची. तुला राग त्या न झालेल्या नमस्काराचा आलाय, असं मला पत्रावरनं वाटतं.

शेजारी बसल्यानं काय होतं आणि काय होत नाही, याची एक गोष्ट सांगतो. आपल्या पेठांपासून फार लांबची आहे, पण तुला लागू पडेल.

25 मे 1965. अमेरिकेत मेन राज्यातल्या लुइस्टन गावी मोहम्मद अली आणि सॉनी लिस्टन यांची बॉक्सिंगच्या जगज्जेतेपदाची लढत. पहिल्याच राउंडला लिस्टन आडवा झाला आणि अली त्याच्यावर उभा राहून, हात दुमडून ओरडतोय, तो फोटो तू नक्की पाहिलेला आहेस. तो नील लायफरचा. तेव्हा त्याचं वय 22, तुझ्यापेक्षा दोनानं लहान. त्याच्याच मासिकाचा, स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडचा, हर्ब शार्फमन हा वयानं आणि मानानं मोठा फोटोग्राफर रिंगच्या समोरच्या बाजूला होता. लिस्टन पडला तेव्हा अलीचं तोंड लायफरकडं होतं, शार्फमनकडं पाठ. तो फोटो पुन्हा काढून नीट बघ. अलीच्या दोन पायांच्या मधून पलीकडं एक टकला माणूस कॅमेरा घेऊन बसलेला दिसतो. तोच शार्फमन. जागा चुकली म्हणायची तर त्याची चुकली, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता.

पुढचं तुझ्या कामाचं आहे. लायफरच्याच बाजूला असोसिएटेड प्रेसचा जॉन रूनी होता. त्यानंही जवळजवळ तोच क्षण टिपला, काळ्या-पांढऱ्यात. लायफरचा रंगीत, वर छताला टांगलेल्या फ्लॅशच्या उजेडातला. दोन फोटो, एकच अली, एकच लिस्टन, आणि आज 60 वर्षांनंतरही दोन्ही लोकांच्या डोळ्यांपुढं आहेत. रूनीनं लायफरचा फोटो घेतला असं कुणी म्हणत नाही. आणखी एक सांगतो. लायफरचा तो फोटो तेव्हा मासिकाच्या मुखपृष्ठावर आला नव्हता, आत छापला गेला होता. ज्या आठवड्यात फ्लेक्स लागतो त्याच आठवड्यात फोटोची किंमत ठरते असं नाही रे.

हे मी स्वतःच्या डोळ्यांनीही पाहिलंय. रोलच्या काळातली गोष्ट. खासबागेत मी आणि माझा एक दोस्त एकाच गोणपाटावर बसायचो, कारण दोघांत एकच गोणपाट होतं. एका जोडीची कुस्ती पंचवीस मिनिटं चालली. हलगी टिपेला पोचली, खालच्या पैलवानाची पाठ लागली आणि आम्हा दोघांचं बटण एकाच वेळी दाबलं गेलं. मला त्याच्या शटरचा आवाज आला, त्याला माझ्या. रात्री त्याच्या घरी मोरीत दार लावून, लाल दिव्यात दोन्ही रोलचे कॉन्टॅक्ट प्रिंट काढले. ट्रेमध्ये कागद हलवताना आधी काळी माती उमटली, मग पाठी, मग चेहरे. त्याच्या चौकटीत दोन्ही पैलवान पायापासून डोक्यापर्यंत, पाठ मातीला चिकटलेली, निकाल स्पष्ट. माझ्या चौकटीत पैलवान अर्धेच, पण मागं हौद्याच्या काठावर हरलेल्या पोराचा वस्ताद, एक हात पुढं आलेला, तोंड उघडं. आमच्या खांद्यांत वीतभर अंतर होतं. त्याच्याकडं लांब लेन्स नव्हती, माझ्याकडंही नव्हती. तो कुस्ती बघत होता आणि मी माणसं बघत होतो, एवढाच फरक. पेपरात त्याचा छापून आला, आणि तो छापण्यासारखाच होता, कारण बातमी निकालाची होती. माझा फोटो पुढं कित्येक वर्षांनी त्या वस्तादाच्या मुलानं मागून नेला. त्यांच्या घरात लावलाय.

म्हणून माझं पहिलं काम तुला हे, की त्या गोलचा तुझा फोटो आणि त्याचा फोटो एकाच स्क्रीनवर शेजारी लाव. एकटा बस आणि दोन्ही नीट बघ. त्याच्या फोटोत काय आहे जे तुझ्यात नाही आणि तुझ्यात काय आहे जे त्याच्यात नाही, ते कागदावर लिही. तुझ्या रागातला बराच भाग तिथं लेन्सचा निघेल असा माझा अंदाज आहे, आणि तो हिशोब भावनेचा नाही, उजेडाचा आहे. तुझी पंचावन्न-अडीचशे लांबच्या टोकाला फाइव्ह पॉइंट सिक्सला येते. त्याची टू पॉइंट एट. आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड जास्त उघडं. मधे दोन स्टॉप, म्हणजे त्याच्या सेन्सरवर तुझ्या चौपट उजेड. चारच्या मॅचला सुरुवातीला ऊन कडक असतं तेव्हा हा फरक जाणवत नाही. साडेपाचनंतर, त्याच आयएसओला (म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद दोघांची सारखीच ठेवली तर), तो एक हजारांश सेकंदावर असतो आणि तू अडीचशेंशावर. अडीचशेंशावर मारणाऱ्याचा पाय आणि बॉल दोन्ही पुसले जातात. हात कितीही स्थिर असला तरी पुसले जातात, कारण हलतोय तो पाय. त्यात तुझं कौशल्य कमी पडलं नाही.

मग करायचं काय? आयएसओ वाढव, दाणे दिसले तर दिसू देत. दाणेदार पण धारदार फोटो फ्लेक्सवर चालतो, हललेला चालत नाही. आणि उजेड उतरल्यावर बॉलचा नाद थोडा सोड. गोल झाल्यावर मारणारा पळतो, सगळ्या लेन्सा त्याच्यामागं पळतात. त्या वेळी गोलकीपर जाळ्यातनं बॉल काढायला वाकलेला असतो. डगआउटमधला कोच डोक्याला हात लावून उभा असतो. स्टँडात पेठेतला एखादा आजोबा नातवाला खांद्यावर घेतो. ही माणसं क्षणभर थांबलेली असतात, तिथं अडीचशेंश पुरतो. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, कुठलीही मॅच घे. कोल्हापूरचा फुटबॉल जेवढा मैदानात होतो तेवढाच स्टँडात होतो.

दुसरं, दोघांनी वाटून घ्या. मला तर आश्चर्य वाटतं की दोन चांगले फोटोग्राफर, एकाच गल्लीतले, आणि एकाच दहा पावलांत चिकटून बसलेत, मैदानाची बाकीची सगळी बाजू मोकळी सोडून. हाफ टाइमला टीमा बाजू बदलतात. म्हणजे पहिल्या हाफला तुझ्यासमोर गोल मारायला येणारी टीम दुसऱ्या हाफला पलीकडच्या गोलवर मारते. एकटा माणूस असेल तर त्याला एकतर मैदानाला वळसा घालून पळावं लागतं, नाहीतर अर्धी मॅच सोडावी लागते. दोघं दोन टोकांना बसलात तर दोन्ही गोल तुमचे. सामन्यांची पाळी लावा, या मॅचला तू डावीकडं, पुढच्या मॅचला तो. मॅच संपल्यावर कार्ड समोरासमोर ठेवा, आणि तालमीला देताना ज्यानं काढला त्याचं नाव फोटोखाली गेलंच पाहिजे असं आधीच ठरवा.

नावाचं निघालंच आहे तर कायद्याचंही सांगतो, कारण 'तोच क्षण माझ्याकडंही होता' असं तू लिहिलंस. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं फोटोचा कर्ता तो काढणारा माणूस. गोलवर हक्क कुणाचा नाही, कोनावर नाही, जागेवरही नाही. त्याच्या फोटोवर त्याचा, तुझ्यावर तुझा. मात्र कुणी पैसे देऊन सांगून फोटो काढून घेतला असेल, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास पहिला हक्क त्या देणाऱ्याचा होतो. पेपरात नोकरीवर असलास तर तिथंही वेगळे नियम लागतात. तेव्हा उद्या एखाद्या तालमीनं सीझनभराचं काम दिलं, तर दोन ओळी आधी लिहून घे. ओळखीत कागद कशाला, असं म्हणू नकोस.

शेजाऱ्याचा उपयोग काय असतो, हे तुला अजून कळलेलं नाही. ते मला जोतिबावर कळलं. चैत्र यात्रेत, गुलालात. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, डोळा व्ह्यूफाइंडरला, समोरनं सासनकाठी, देवाची ती उंच मानाची काठी, येतेय. एक डोळा कॅमेऱ्यात गेला की माणसाची ती बाजू आंधळी होते, हे तुला ठाऊक आहे. माझ्या त्या आंधळ्या बाजूनं दुसरी काठी दोर ताणून वळत होती आणि मला ती दिसतच नव्हती. कुणीतरी माझा शर्ट मागनं धरून असा ओढला की मी बसकण मारली. काठी डोक्यावरनं गेली. उठून बघतो तर तो माणूस म्हणजे ज्याच्याशी मी दोन वर्षं बोलत नव्हतो तोच. एका मिरवणुकीत माझ्यापुढं उभा राहिला म्हणून मी बोलणं टाकलं होतं. दोघंही केसापासून बुटापर्यंत गुलाबी. तो म्हणाला, 'लेन्सला लागलं का बघ आधी.' मला तेव्हा काही सुचलं नाही. मी त्याच्या हातातला ओला रुमाल घेतला आणि लेन्सचं तोंड पुसलं. तेव्हापासून आम्ही गर्दीत गेलो की एकजण फोटो काढतो तेव्हा दुसरा त्याची पाठ सांभाळतो. पाळीपाळीनं.

रंकाळ्याबद्दल लांब लिहीत नाही. तिथं संध्याकाळी शालिनी पॅलेसच्या बाजूला प्रकाश उतरायला लागला की कोल्हापूर निम्मं काठावर येतं, आणि यायलाच पाहिजे. आधी आलेल्याच्या ट्रायपॉडपुढं उभं राहायचं नाही, शेजारी लावायचा तर 'लावू का?' असं विचारायचं, आणि ट्रायपॉडचा पाय फिरायला आलेल्या लोकांच्या वाटेत येऊ द्यायचा नाही. एवढं पुरतं. चित्रकार आबालाल रहिमानांनी हा रंकाळा आणि कोटीतीर्थ किती वेळा रंगवलं. आजही पंचगंगेच्या घाटावर सकाळी जा, चित्रकलेच्या कॉलेजची दहा-बारा पोरं-पोरी ओळीनं बसून एकाच देवळाकडं तोंड करून रंगवत असतात. जाताना त्यांच्या बोर्डांवर नजर टाक. एकीच्या चित्रात पाणीच पाणी आहे आणि देऊळ अंगठ्याएवढं. दुसऱ्यानं नुसत्या पायऱ्या घेतल्यात. कंटाळा आला की एकमेकांच्या पाण्याच्या डब्यात ब्रश बुडवतात.

एक खरं सांगायचं राहिलं. शेजारी बसणारे सगळेच तुझ्या मित्रासारखे नसतात. काहीजण खरोखर तुमच्या लेन्सपुढं हूड आणतात, प्रत्येक फोटोनंतर मागच्या स्क्रीनवर डोकावतात, बॅग तुमच्या पायाशी टाकतात, संध्याकाळी फ्लॅश मारून खेळाडूच्या डोळ्यांत प्रकाश पाडतात. अशा माणसाला पहिल्यांदा नीट सांगायचं, नाव माहीत नसलं तर 'भावा' म्हणून सांगायचं. दुसऱ्यांदा संयोजकांना सांगायचं. मोठ्या स्पर्धांमध्ये फोटोग्राफरला नंबरचं जॅकेट आणि गोलमागं ठरलेली बैठक देतात. आपल्याकडं प्रत्येक मैदानात तेवढं नसलं, तरी रेषेपासून किती लांब बसायचं आणि मॅच चालू असताना उठायचं नाही, एवढं संयोजक सांगू शकतात. तुम्ही चार-पाच फोटोग्राफर मिळून सांगितलंत तर ते ऐकतीलही. एकट्यानं सांगितलं तर भांडण वाटतं.

आता तुझ्या मित्राचं. पुढच्या मॅचला अर्धा तास आधी जा. त्या वेळी तो लेन्स जोडत असेल, नाहीतर मोनोपॉडचा स्क्रू आवळत असेल, हात गुंतलेले आणि डोकं मोकळं. तेव्हाच बोल. बॉल पडल्यावर नको, आणि मॅच संपल्यावर तर मुळीच नको, तेव्हा ज्याला फोटो मिळाला तो उडत असतो आणि ज्याला नाही मिळाला तो चिडलेला असतो. बसायला जे काही नेतोस ते मोठं ने, दोघांना पुरेल असं. तो पलीकडच्या गोलला जायला तयार झाला, तर त्यातलं अर्धं फाडून त्याच्याकडं दे. खालची जमीन उन्हानं चांगलीच तापलेली असते.